ब्राउलियोच्या कानात

बर्मिंगहॅम, ४ मार्च २०२५

सिया,

'चिरंजीव' आणि 'अनेक उत्तम आशीर्वाद' हे दोन्ही मी मुद्दाम गाळले आहेत. आशीर्वाद द्यायचे की नाहीत हे माझं अजून ठरलेलं नाही, आणि पत्राची सुरुवातच खोट्याने कशाला करायची.

मराठीत का लिहितो आहे, तर त्याला दोन कारणं आहेत. इंग्रजी पानावरून तू नुसती नजर फिरवतेस आणि समजलं म्हणतेस. मराठी तुला अजून बोट ठेवून वाचावं लागतं. मंडळाच्या रविवारच्या वर्गात तू रडत रडत बाराखडी गिरवलीस त्याचा मला आज हा उपयोग होतो आहे. दुसरं कारण म्हणजे यातलं एकही वाक्य तुला पेपरात छापता येणार नाही. छापायचंच म्हटलंस तर अडलेल्या शब्दांचा अर्थ विचारायला तुला माझ्याकडेच यावं लागेल.

ब्राउलियोच्या नोएलियाने सांगितलं म्हणून लिहितो आहे. तुझ्या आईने सांगून मी लिहिलं नसतं. ती डिसेंबरपासून रोज सांगते आहे. नोएलिया म्हणाली, उदय, तिला कळव, तो दर मंगळवारी तिची चौकशी करतो. नवऱ्याची अशी अवस्था असताना जी बाई दुसऱ्याच्या मुलीचा विचार करते, तिला नाही कसं म्हणायचं?

तू ब्राउलियो सेंदोनवर दोन पानं लिहिलीस. त्याच्या खेळाला त्यात दीड ओळ मिळाली. 'माजी स्पॅनिश मिडफिल्डर, रे व्हॅलीकडून नऊ मोसम.' झालं, संपला माणूस. म्हणून तू जे लिहिलं नाहीस ते मी लिहितो.

तो आला तेव्हा मला इथे येऊन वर्षच झालं होतं. बँकेतल्या सॉफ्टवेअरच्या कामावर पुण्याहून आलो होतो, तुझी आई अजून तिकडेच होती, आणि शनिवार खायला उठायचा. ऑफिसातल्या एकाने रे व्हॅलीच्या फुटबॉल मॅचला ओढून नेलं. मैदानात एक काटकुळा माणूस होता, गालिसियातल्या मच्छिमारांच्या गावचा. त्याला इंग्रजी दोनच शब्द यायचे, 'येस' आणि 'कोल्ड'. इथल्या लोकांना पळणारा माणूस लागतो. हा पळायचा नाही. उभा राहायचा आणि मान वळवायचा, या खांद्यावरून, मग त्या खांद्यावरून. मला वाटलं याची मान धरली आहे. माझ्या मागचे लोक त्याला नको नको ते बोलत होते.

तासाभराने माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो चेंडू येण्याआधी मागे बघून घेत होता. कोण कुठे आहे, जागा कुठे आहे, हे सगळं आधीच बघितलेलं. चेंडू पायाशी आला की त्याला विचार करावा लागायचाच नाही. इतर लोक चेंडू मिळाल्यावर बघायचे. तुला लहानपणी रस्ता ओलांडताना 'आधी मागे बघ' म्हणून मी जो धाक दाखवायचो, तो त्याच्याकडूनच उचललेला.

मग मी कॅमेरा घेतला आणि दर शनिवारी त्याचं चित्रीकरण करायला लागलो. चेंडूचं नाही, फक्त त्याचं. तुझी आई इथे आली तेव्हा त्या टेप बघून म्हणाली, ही सवत तरी बरी दिसणारी शोधायची होतीस. एक टेप मी क्लबच्या फाटकावर त्याच्या हातात दिली. पुढच्या आठवड्यात त्याने मला गर्दीत शोधून काढलं आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, सगळे चेंडू बघतात, तू मला का बघतोस? मी त्याला घरी जेवायला बोलावलं. तुझ्या आजीला ब्राउलियो म्हणता येईना. ती भाऊ म्हणायला लागली, आणि तो त्या नावाला ओ द्यायला लागला.

तुला 'पिल्लू' म्हणणं तो आजीकडूनच शिकला. सात वर्षांची असताना तू मॅस्कॉट होतीस, आठवतं? खेळाडूचा हात धरून मैदानात जायचं होतं आणि मैदानाकडे जाणाऱ्या बोगद्यात तू आईचा पदर सोडेनास. हो, पदर, त्या दिवशी तुझी आई थंडीत साडी नेसून आली होती. भाऊ रांगेत उभा होता. त्याने तुझी समजूत घातली नाही, वळूनही बघितलं नाही. नुसता हात मागे करून पंजा उघडा धरला. तू पदर सोडलास आणि तो हात धरलास.

गुडघा गेल्यावर तो स्पेनला परतला आणि प्रशिक्षक झाला. कुठल्या कुठल्या धुळकट गावांचे संघ सांभाळले. एका ठिकाणी नाताळच्या आधीच नारळ मिळाला. मग एक लहानसा संघ त्याने दोनदा वरच्या गटात नेला आणि २०२१ मध्ये रे व्हॅलीने त्याला मॅनेजर म्हणून बोलावलं. त्याने मला फोन केला. म्हणाला, तू अजून मलाच बघतोस का? आता माझी पोरं बघ. पन्नाशी उलटल्यावर मी बँकेची नोकरी सोडून व्हिडिओ अ‍ॅनालिस्ट झालो. तुझ्या आईने आठवडाभर अबोला धरला.

आता दर मंगळवारी मी किंग्ज हीथची बस पकडून त्याच्याकडे जातो. तो विचारतो, पिल्लू कुठे आहे? मी सांगतो, शाळेत. तो बरं म्हणतो. थोड्या वेळाने पुन्हा विचारतो.

बाबा. हे पद अजून रद्द केलेलं नाही.


बर्मिंगहॅम, २२ एप्रिल २०२५

सिया,

तुझ्या आईला तुझा मेसेज आला म्हणे, 'पत्र वाचते आहे, व्हेरी स्लो'. वेम्बलीहून इथे ट्रेनने यायला जितका वेळ लागतो त्यापेक्षा तुला ते वाचायला जास्त लागला. असो. हे दुसरं घे.

नोएलिया मला सारखी सांगते की सिया चुकली नाही. ती मोठ्या मनाची बाई आहे. मी नाही. माझ्या मनात काय आहे ते तुला एकदा नीट कळू दे.

तू लिहिलंस की क्लबमधल्या 'एका जवळच्या माणसाने' त्याचं विसरणं दीड वर्ष झाकलं. तो माणूस कसा झाकत होता हे मात्र तुला पुरतं माहीत नाही. सुरुवात नावांपासून झाली. सरावाला तो पोरांना 'यू, यू' म्हणायला लागला. मग कॉफीचा कप हातात असताना तोच शोधायला लागला. एकदा पत्रकारांसमोर आदल्या आठवड्यातली मॅच सगळी सांगितली, तिचा निकाल सोडून. नोएलियाला कळलं होतं आणि मलाही कळलं होतं, पण आम्ही दोघं एकमेकांशी त्यावर बोललो नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि मोसम चांगला चालला होता, गं. खेळ त्याला अजून दिसायचा. समोरच्या संघाचा डावा बॅक दमला आहे हे तो कुणाच्याही आधी सांगायचा. फक्त आपल्या पोराचं नाव आठवायचं नाही.

अ‍ॅनालिस्ट वर स्टँडमध्ये बसतो आणि खाली मॅनेजरच्या कानात वायरलेसवर बोलतो, हे तुला माहीत आहे. सगळ्याच क्लबांत तसं असतं. माझं काम होतं जागा कुठे मोकळी आहे ते सांगणं. हळूहळू मी बाकीचं सगळं सांगायला लागलो. स्कोअर काय आहे. किती बदली खेळाडू वापरून झाले. आता तुझ्याशी बोलायला येतो आहे तो कोण. हाफटाइमला कुठल्या दारातून आत जायचं. तो समोर बघत ऐकायचा आणि मग अगदी रुबाबात तेच करायचा. कुणाला शंका आली नाही. त्याची आठवण माझ्या तोंडात होती आणि मला त्याचा अभिमान वाटायचा, हेही लिहून टाकतो.

नोव्हेंबरात त्या शनिवारी वायरलेस बंद पडला. मी वरून बोलत राहिलो, त्याला काही ऐकू जाईना. तो वळून वर स्टँडकडे बघायला लागला. हजारो माणसांत मी त्याला सापडेना. मग तो चालत समोरच्या संघाच्या बाकाकडे गेला आणि तिथल्या ओवेनला म्हणाला, वॉर्मअप कर, तुला आत पाठवतो. ओवेन दोन वर्षांपूर्वीच आपल्याकडून त्यांच्याकडे गेलेला. दोन्ही बाकांवरची माणसं हसली, सगळं मैदान हसलं. टीव्हीवरचा माणूस म्हणाला, काय मिश्कील आहे हा सेंदोन. ओवेन तेवढा हसला नाही. त्याने भाऊचा चेहरा जवळून बघितला होता.

त्या वीकएंडला तू घरी आली होतीस. मी जेवलो नाही. तू ओट्याशी उभी राहून भांड्यातूनच खिचडी खात होतीस आणि विचारलंस, बाबा, काय झालं? मी सांगितलं. माझ्या मुलीला सांगितलं. पेपरला सांगितलं नव्हतं.

पुढे काय झालं ते तुझ्या पेपरात आलं, पण जे आलं नाही ते ऐक. तुझा लेख छापून आल्यावर क्लबने पत्रक काढलं, आम्ही सेंदोनच्या पाठीशी आहोत वगैरे. पुढचा सामना बाहेरच्या मैदानावर होता. तिकडचे लोक आपल्या माणसाला ओरडून विचारतात ना, 'तू कोण? तू कोण?' नेहमीचीच थट्टा असते ती, सगळ्यांचीच करतात. त्या दिवशी ते फक्त त्याच्याकडे बोट दाखवून ओरडत होते. सगळा स्टँड एका सुरात. वायरलेस नवा होता आणि उत्तम चालत होता. त्याने मला विचारलं, उदय, काय म्हणताहेत? एवढ्या आवाजात मला समजत नाही.

मी म्हणालो, तुझं नाव घेताहेत.

त्याने त्यांच्याकडे तोंड करून दोन्ही हात वर केले आणि हसून त्यांचे आभार मानले. ते आणखी जोरात ओरडले. त्याने आणखी हात हलवले.

तू मला न विचारता लिहिलंस, सिया. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून मी कुणाकडे बोललो नाही. पण ते हात हलवणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, आणि ते दिसलं की पाठोपाठ तू दिसतेस.

जानेवारीत 'परस्परसंमतीने' त्याचं काम गेलं. नवा मॅनेजर स्वतःचे अ‍ॅनालिस्ट घेऊन आला. माझा खण मी रिकामा केला.

बाबा


बर्मिंगहॅम, १७ जून २०२५

सिया,

तुझं पत्र मिळालं. हाताने लिहिलेलं, तेही मराठीत. तुझ्या आईने ते फ्रिजवर लावलं होतं, मी काढून खणात ठेवलं. उगाच कशाला प्रदर्शन.

'बाबा, तुझा पत्र मी पूर्ण वाचला. मी त्या दिवशी विचारला होता.' तुझी लिंगं सगळी चुकली आहेत. पण म्हणणं कळलं.

तुझ्या आईला विचारलं. ती म्हणाली, हो, विचारलं होतं तिने. मी तिथेच होते. 'बाबा, हे कुणीतरी लिहायला हवं, मी लिहू का?' असं तिने विचारलं, आणि तू चहाचं आधण ठेवायला उठलास. नाही म्हणाला नाहीस. आता तुझी आई कधी खोटं बोलत नाही ही तिची मोठी खोड आहे. मला चहा आठवतो. प्रश्न आठवत नाही. बरं, विचारलं असशील. पण बाप पाठ फिरवून उभा राहिला तर ते उत्तर हो समजायचं की नाही, हे लेकीला कळायला नको? यावर मी आणि तुझी आई दोन दिवस भांडलो. ती तुझ्या बाजूने आहे हे तुला सांगायला हरकत नाही, तसंही तीच तुला फोन करून सांगेल.

आणखी एक गोष्ट आहे. ती मी कुणाला सांगितलेली नाही. ज्या दिवशी तुझा लेख आला त्या रात्री मला गाढ झोप लागली. दीड वर्षात पहिल्यांदा. सकाळी उठून आधी ते आठवलं आणि मग तुझा राग आला. कुठला राग कशाचा होता ते मला अजून नीट वेगळं काढता येत नाही.

नोएलियाचं म्हणणं असं की तुझ्या लेखामुळे तो निदान डॉक्टरांपर्यंत पोचला. आम्ही दोघांनी त्याला नेलं नसतं. डॉक्टर म्हणाले, एवढ्या कमी वयात होतं कधी कधी. डोक्याने चेंडू मारण्याचा संबंध असू शकेल, खात्रीने सांगता येत नाही. ते ऐकून मी घरी आलो आणि जुन्या टेप काढल्या. गोलकीपर लांब किक मारतो, ती मधल्या फळीत याच्या डोक्यावर येते, हा ती परतवतो. पुन्हा किक, पुन्हा डोकं. मीच टिपलेलं सगळं. तेव्हा मी ते बघून टाळ्या वाजवायचो.

गेल्या मंगळवारची हकिकत सांगतो. त्याला तुझ्या मॅस्कॉटच्या दिवसाची मॅच लावून दिली. बराच वेळ तो पुढे वाकून बघत होता. मग म्हणाला, हा सहा नंबर कोण आहे? मी टेप चालूच ठेवली. तो म्हणाला, मागे बघून घेतो, बघ. पुन्हा बघितलं. चांगला आहे. वय काय याचं? मी म्हणालो, एकोणतीस. म्हणाला, मग थांबायला नको, या उन्हाळ्यातच घेऊ. मी सांगितलं की त्याचा क्लब त्याला सोडणार नाही. तर चिडला माझ्यावर. म्हणाला, उदय, तू नुसता बघत बसतोस, बोर्डाशी बोल.

टेप मागे नेली तर सुरुवातीला संघ बोगद्यातून बाहेर येताना दिसतो. त्याच्या हाताला तू. तिथे त्याने टेप थांबवायला लावली, पडद्याजवळ गेला, बोट लावलं आणि म्हणाला, पिल्लू.

स्वतःला ओळखलं नाही त्याने, सिया. तुला ओळखलं.

मग नेहमीप्रमाणे कुठे आहे विचारलं. मला शाळेत म्हणवेना. मी सांगितलं, ती मोठी झाली, पेपरात लिहिते. तुझ्याबद्दलही लिहिलं तिने, तू आजारी आहेस म्हणून. मी हे का सांगितलं, मला माहीत नाही. कदाचित त्याला तुझा राग यावा असं मला वाटत होतं. तो खूश झाला. म्हणाला, माझ्याबद्दल लिहिलं? चांगलं लिहिलं का? मी हो म्हणालो. चहा येईपर्यंत तो ते विसरलाही होता.

म्हणजे बघ, ज्याची चारचौघांत शोभा झाली त्याच्याजवळ त्यातलं काहीच उरलं नाही. राग तेवढा माझ्याकडे राहिला आहे. मी तो त्याच्या वतीने सांभाळतो आहे असं म्हणायचो. पण त्याने तो माझ्याकडे दिलेलाच नव्हता.

नोएलिया विचारते, ती येईल का. तो तुला अजून विचारतो आहे तोवर ये. हे निमंत्रण तिचं आहे, मी फक्त पोचवतो आहे. आणि आलीस तर वही, फोन, रेकॉर्डर काही नको.

बाबा


बर्मिंगहॅम, २९ जुलै २०२५

सिया,

काम आहे, कामातून सुटका नाही, पुढच्या महिन्यात बघते, असं तू आईला कळवलंस. आज त्याने तुझं विचारलं नाही.

मी दुपारभर बसलो होतो. दोनदा चहा झाला. मी वाट बघत होतो आणि तो विचारेना, म्हणून शेवटी मीच म्हणालो, भाऊ, पिल्लू बरी आहे. त्याने सभ्यपणे मान हलवली, अनोळखी माणसाने आपल्या नातेवाइकांची खुशाली सांगितल्यावर आपण हलवतो तशी. मग माझ्या नावाचं काय झालं असेल म्हणून मी भीत भीत विचारलं. तो हसला आणि म्हणाला, तू कानातला.

बस चुकली. चालत निघालो आणि वाटेत एका बाकावर बसून राहिलो. मार्चमध्ये तू आली असतीस तर त्याला दिसली असतीस. एप्रिलमध्येही. पण मार्चमध्ये मी तुला ये म्हणालो नव्हतो. टोमणे मारत होतो. जूनमध्ये बोलावलं तेही नोएलियाच्या नावावर. एवढं सगळं मागचं बघत बसलो आणि चेंडू निघून गेला.

आता त्याच्यासाठी येण्यात काही राहिलेलं नाही. माझ्यासाठी ये. हे नोएलियाचं निमंत्रण नाही.

बाबा


बर्मिंगहॅम, १८ ऑगस्ट २०२५

सिया,

परवा तू ट्रेनमध्ये चढलीस तेव्हा आपण फारसं बोललो नाही. तुझ्या आईने डबा दिला, मी बॅग दिली, गाडी सुटली. जे सांगायचं होतं ते लिहूनच सांगावं असं ठरवलं होतं, कारण तोंडाने सांगताना मी चहा ठेवायला उठतो हे आता सिद्ध झालेलं आहे.

तुला वाटतं की भेट वाया गेली. तू त्याच्यासमोर बसलीस, त्याने तुझ्याशी हात मिळवला, लंडनमध्ये पाऊस आहे का विचारलं, आणि मग खिडकीबाहेर बघत राहिला. तू 'भाऊकाका, मी पिल्लू' म्हणालीस तेव्हा तो नोएलियाकडे बघायला लागला. मग तू न्हाणीघरात गेलीस आणि नळ सोडलास. जुन्या घरांच्या भिंती पातळ असतात, आम्हाला नळही ऐकू आला आणि तूही ऐकू आलीस. तो दचकला. विचारलं, कोण रडतं आहे? नोएलियाने माझ्याकडे बघितलं. मी चहाचे कप उचलून आत गेलो.

पण निघताना झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. तू पुढे होतीस म्हणून उरलेलं तुला सांगायला हवं.

आपण त्या अरुंद बोळातून फाटकाकडे निघालो. आधी तो, मग तू, मागे मी. बोळात शिरताच तो थबकला. दोन्ही बाजूंना भिंती, पुढे उजेड. त्याने मान वळवली, या खांद्यावरून, मग त्या खांद्यावरून. किती महिन्यांत मी त्याला तसं करताना बघितलं नव्हतं. मग पुढे तोंड केलं आणि हात मागे करून पंजा उघडा धरला.

तू तो हात धरलास. मला वाटलं होतं तू माझ्याकडे वळून बघशील, पण तू बघितलं नाहीस, तेच बरं केलंस. एकोणतीस वर्षांची बाई त्याच्याबरोबर बोळातून चालली होती, आणि पुढे फाटकाशिवाय काही नव्हतं. माणसं नव्हती, ओरडा नव्हता. मी मागून चालत होतो.

अर्ध्या वाटेत त्याने खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. तू समोर बघत होतीस. त्याने हात सोडला नाही, फक्त डोळ्यांनी तुझ्याकडे खूण केली आणि ओठ हलवून मला विचारलं, ही कोण?

मी त्याच्या कानाशी गेलो. वायरलेसवर बोलायचो त्याच आवाजात बोललो, म्हणून तुला ऐकू आलं नाही. मी म्हणालो, माझी मुलगी.

डिसेंबरनंतर हे शब्द मी उच्चारले नव्हते. क्लबमध्ये कुणी विचारलं तर 'ती' म्हणायचो. शेजारच्या मोहनरावांनी एकदा विचारलं, तुमची सिया येत नाही हल्ली? मी म्हणालो होतो, कोण सिया. हेही तुला आता कळू दे.

त्याने मान डोलावली. चार पावलं गेला आणि विसरला. पुन्हा खांद्यावरून वळला, पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा कानात सांगितलं, माझी मुलगी. फाटकाच्या कडीला हात लावताना त्याने आणखी एकदा विचारलं, ही कोण आहे, उदय?

माझी मुलगी आहे, भाऊ. माझी मुलगी.

बाबा